कुत्र्याला मिरी चालते का?

प्रश्न: डॉक्टर, काल माझ्या कुत्रीने मिरपूड घातलेल्या अंड्याची प्लेट चाटून साफ केली, आणि नंतर चार-पाच वेळा शिंकली. आता नॉर्मल आहे पण मला टेन्शन आलंय. मिरी विषारी असते का हो?

उत्तर: नाही, घाबरू नका. काळी मिरी कुत्र्यांना विषारी नाहीये. शिंका आल्या कारण पूड नाकात गेली, आणि त्यांचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्यामुळे चिमूटभर सुद्धा झोंबते. जास्त खाल्ली तर पोटात जळजळ, उलटी, जुलाब होऊ शकतात, म्हणून मुद्दाम घालू नका, त्यांना त्याची गरजच नसते.

मला खरी काळजी वाटते ती मिरीसोबत त्या अंड्यात आणखी काय होतं याची. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजवलेले असोत की पावडर, रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि पावडर तर जास्तच वाईट कारण थोड्याशा पावडरीत खूप कांदा असतो. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्यानेही त्रास झालेला आहे, म्हणजे 5 किलोच्या कुत्रीला एक मध्यम कांदा पुरतो. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत हो, दोन-चार दिवसांनी ती मरगळते, हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. जायफळही नकोच.

त्या अंड्यात कांदा-लसूण असेल तर लक्षणांची वाट न बघता आजच व्हेटला फोन करा, किती खाल्लं आणि तिचं वजन किती ते सांगा. नुसती मिरी असेल तर पाणी भरून ठेवा, बस.