साखरेचं ऑपरेशन घरापासून लपवायचं का?

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी ४३ वर्षांची. भांडुपला राहते, पतपेढीत नोकरी करते. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८९ किलो. नऊ वर्षं मधुमेह आहे. दोन वेळा गोळ्या, रात्री इन्सुलिन, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.२. डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलंय. नवरा तयार आहे. पण जाऊबाईंच्या भाचीने असंच ऑपरेशन केलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, 'तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापायची वेळ आली नसती.' सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. म्हणून सगळ्यांना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे असं सांगणार आहे. चुकतंय का माझं?"

प्रिय मैत्रिणी,

चाळीला काय सांगायचं ते सांगा, तो तुमचा प्रश्न. सासूबाईंपासून मात्र हे लपवू नका. का, ते सांगते.

माझ्या मावसबहिणीचं हेच ऑपरेशन झालं. तिलाही मधुमेह. तिने घरात हर्निया म्हणून सांगितलं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर साखरेची एक गोळी बंद केल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. तो कागद तिने कपाटात साड्यांखाली सरकवून ठेवला. सासूबाई मायेने रोज सकाळी डब्यातून जुन्याच गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवायच्या. "ही बंद केलीय," म्हणावं तर "हर्नियाच्या ऑपरेशनने साखरेची गोळी कशी बंद झाली?" हा प्रश्न आलाच असता. म्हणून ती मुकाट्याने घेत राहिली. सहाव्या दिवशी ओट्याशी उभी असताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, हातातली वाटी खाली पडली. ग्लुकोमीटरवर आकडा ५२, म्हणजे साखर फारच खाली. नवरा घरात होता म्हणून निभावलं. त्याने चमच्या-चमच्याने साखरेचं पाणी पाजलं.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण जाऊबाईंच्या टोमण्याचं उत्तरही त्यातच आहे. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हा हृदयाचा बायपास नव्हे) जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पोट लहान होतं, हे तर खरंच. पण त्याबरोबर भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक कमी होतं आणि इन्सुलिनला मदत करणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. त्यामुळे वजनाचा काटा हलण्याआधीच, काही दिवसांत, साखर उतरायला लागते. तुमची भूक हा नुसता तोंडाचा हट्ट असता तर असं झालं असतं का? नऊ वर्षं तुम्ही गोळ्या घेतल्या, सुया टोचून घेतल्या. तुम्हाला आळशी म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३७ येतो. लठ्ठपणाच्या सर्जनांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच या ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलंय, कारण आपल्याला कमी वजनावरच मधुमेह गाठतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काही भलतंसलतं सुचवलेलं नाही.

आता दुसरी बाजू. "ऑपरेशन केलं की डायबेटिस मुळापासून गेला" असं कुणी सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी बायपास झालेल्या २९ टक्के आणि स्लीव्ह झालेल्या २३ टक्के रुग्णांचं एचबीए१सी ६ किंवा त्याखाली होतं. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के. फरक मोठा आहे, पण शंभरातले शंभर नाहीत. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन चालू असेल, तितकी औषधं पूर्ण सुटण्याची शक्यता कमी. तुमची नऊ वर्षं झालीत. इन्सुलिन सुटलं आणि एखादी गोळी राहिली, तरी ते यश माना. सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्या, म्हणजे तुमचं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज येईल.

ऑपरेशनआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की पडद्याचं जुनं दुखणं कधी कधी बळावतं. तुमच्या गोळ्यांच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगा. ती गोळी ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते. नंतर बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. यात टाळाटाळ केलेल्या बायकांचे हातपाय बधिर झालेले मी पाहिलेत.

विम्याचंही बघा. आपल्याकडच्या नियमांत बीएमआय ३५ च्या वर आणि आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असेल, इतर उपाय करून झालेले असतील, तर हे ऑपरेशन वगळलेल्या खर्चांत धरत नाहीत. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तेवढा तपासा. आणि खोटं कारण घरात सांगणं वेगळं, दाव्याच्या कागदावर कधीही नको.

मावसबहिणीकडे परत येते. त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी रडल्या, मग रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी शोधून काढली आणि त्यात गाळलेलं मुगाचं कढण भरून आणलं. तेवढी वाटी संपायला वीस मिनिटं लागायची, त्या समोर बसून राहायच्या. पुढे दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं कशी भरायची, याचा हिशेब त्या घरात त्यांच्याइतका कुणालाच ठेवता आला नाही.

तुमच्या सासूबाई तशाच वागतील असं मी म्हणत नाही. पण जेवणाचं ताट त्या वाढतात, आजारपणात शिरा त्या करतात. ज्या हातांनी तुम्हाला खाऊ घालायचं, त्यांना काय वाढायचं हे ठाऊक हवं. ऑपरेशनच्या निदान पंधरा दिवस आधी, नवऱ्याला शेजारी बसवून सांगा. आहारतज्ज्ञाकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या. शब्द सुचत नसतील तर माझे घ्या: "आई, माझं साखरेचं ऑपरेशन आहे. नऊ वर्षं औषधांनी जमलं नाही. महिनाभर मला पातळच खायचंय, ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."