क्षारपड रान जीवाणूंनी सुधारेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मिठानं जंतू मरतात तर मिठातच वाढणारे जीवाणू कसे, आणि ते जीवाणू रानात सोडले तर वाळव्याकडचं क्षारपड रान सुधारेल का. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण पैसे तिथं जातात. नाही सुधारणार. हे जीवाणू क्षार खाऊन संपवत नाहीत, स्वतः त्यात तग धरतात. मुळांशी राहून पिकाला थोडा आधार देणारे काही असतात, पण उसाला पाणी पाजून पाजून वर आलेला क्षार निचऱ्याशिवाय हलत नाही. आमच्या वडिलांनी आधी जीवाणूंच्या बाटल्या आणल्या, मग निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले. रान पाइपांनी सुधारलं.

आता पहिलं. लोणच्यातलं मीठ जंतूच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं. हॅलोबॅक्टेरियमसारखे जीव (नावात बॅक्टेरियम असलं तरी ते आर्किया, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) पेशीतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात, मग पाणी बाहेर जायचं कारणच उरत नाही. पण त्यांना मिठाशिवाय जगताही येत नाही. एमएस्सीला असताना मी मिरजेच्या बाजारातलं जाडं मीठ आणून, लिटरला 250 ग्रॅम मीठ असलेल्या माध्यमात ते वाढवले होते. काही आठवड्यांनी बाटली लालसर झाली. सवयीनं पेशी डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्या आणि सगळ्या फुटल्या. उरला शेंबडासारखा चिकट डीएनए. सर नुसते हसले. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते याच भाऊबंदांमुळे.

उपयोग म्हणाल तर मला सगळ्यात आवडतो हॅलोमोनास इलॉन्गाटाचा. हा खरा जीवाणू, आणि त्याची युक्ती वेगळी: मीठ वाढलं की तो पेशीत एक्टोइन नावाचा पदार्थ साठवतो. त्याला 10 टक्के मिठात वाढवायचं, मग एकदम 2 टक्क्यांत टाकायचं. बाहेरचं पाणी आत घुसायला लागतं, फुटू नये म्हणून तो एक्टोइन बाहेर सोडतो. परत मिठात ठेवला की परत साठवतो. या पद्धतीला संशोधक चक्क जीवाणूंची धार काढणं म्हणतात! एक्टोइन पाणी धरून ठेवतं, म्हणून त्वचेच्या क्रीममध्ये आणि ॲलर्जीच्या नाकातल्या फवाऱ्यात वापरतात.

शिवाय एवढ्या मिठात दुसरे जंतू सहसा शिरत नाहीत, त्यामुळे टाक्या निर्जंतुक करायचा खर्च वाचतो. जैवप्लास्टिकसाठी हॅलोमोनास वापरतात ते त्यामुळंच. मात्र मिठानं स्टीलच्या टाक्या गंजतात, तो खर्च वेगळा धरायचा.