वाचकांचे प्रश्न : हिरवागार रोझेट आणि जांभळे तारे

प्रश्न : पुण्यात गच्चीवरून, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि हायड्रोजन-अल्फा, ऑक्सिजन-३, गंधक-२ हे नॅरोबँड (त्या-त्या वायूच्या प्रकाशाचा अरुंद पट्टाच आत सोडणारे) फिल्टर वापरून शृंगाश्व तारकासमूहातल्या रोझेट तेजोमेघाचे फोटो घेतले. प्रत्येक फिल्टरला दोन तास दिले. हबल दुर्बिणीच्या रंगसंगतीत जोडल्यावर तेजोमेघ हिरवागार दिसतो आणि तारे जांभळे. काय चुकलं?

उत्तर : हिरवा रंग येणं ही चूक नाही. या रंगसंगतीत गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा धरतात. रोझेटमध्ये ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा प्रकाश बाकी दोघांना पुरून उरतो, म्हणून हिरवा वरचढ होतो. त्यामुळे वेळ सारखा वाटू नका. ३०० सेकंदांचं एक्स्पोजर धरलं, तर हायड्रोजनच्या २४ फ्रेम पुरतील. ऑक्सिजन आणि गंधकाच्या किमान ४८-४८ घ्या. नॉइजच्या (चित्रातल्या खरखरीच्या) तुलनेत सिग्नल दुप्पट हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो, इथे घाई चालत नाही.

तिन्ही स्टॅक (एकेका फिल्टरच्या फ्रेम एकत्र करून बनलेली चित्रं) वेगवेगळे स्ट्रेच करा, म्हणजे त्यांतले अंधूक भाग उजळा, त्यांचा उजेड साधारण बरोबरीला आणा आणि मगच जोडा. हिरवा काढण्याचं टूल अगदी शेवटी, हलक्या हाताने. सुरुवातीलाच वापरलंत तर हायड्रोजनचे बारीक धागेही त्याच्याबरोबर जातात. आधी हिरव्याची छटा पिवळ्या-सोनेरीकडे सरकवून बघा.

तारे जांभळे होतात ते याच ओढाताणीत: गंधक आणि ऑक्सिजन जास्त ताणले की ताऱ्यांत लाल-निळा वाढतो, हिरवा मागे पडतो. स्ट्रेच करण्याआधी स्टारनेटसारख्या सॉफ्टवेअरने तारे वेगळे काढा. साध्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून ३० सेकंदांच्या वीस-वीस फ्रेम घेऊन त्यातले खऱ्या रंगाचे तारे शेवटी बसवा.

वेळापत्रकही महत्त्वाचं. जानेवारीच्या मध्यात पुण्याहून रोझेट रात्री साडेअकराच्या सुमारास याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर), सुमारे ७६ अंश उंचीवर येतो. आसपासचे तास, तेही चंद्र नसताना, ऑक्सिजनला द्या. त्याची ५००.७ नॅनोमीटरची रेषा चांदण्यात आणि क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत सगळ्यात आधी बुडते. चंद्र असेल तेव्हा हायड्रोजन घ्या. फिल्टर बदलला की बाह्तिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फोकसची जाळी) लावून फोकस पुन्हा तपासा. फ्लॅटही (धुळीचे डाग पुसण्यासाठी एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) प्रत्येक फिल्टरचे वेगळे हवेत. ऑक्सिजनच्या फिल्टरवरच्या धुळीच्या कणाचं राखाडी कडं हायड्रोजनच्या फ्लॅटने पुसलं जात नाही.

प्रश्न : रंगीत कॅमेऱ्याने हे जमेल का?

उत्तर : ड्युअल-बँड (प्रकाशाचे दोनच पट्टे सोडणारा) फिल्टर लावून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच फ्रेममध्ये मिळतात. मात्र हायड्रोजनचा प्रकाश मुख्यतः लाल पिक्सेल टिपतात, म्हणजे चारातला एकच, त्यामुळे तास वाढवावे लागतात. नेहमीच्या ड्युअल-बँडमध्ये गंधक मिळत नाही, त्यामुळे खरी हबल रंगसंगती साधत नाही. हायड्रोजन लाल आणि ऑक्सिजन हिरवा व निळा अशी दोन वायूंची मांडणी करा. रोझेटच्या मधल्या पोकळीभोवतीची निळसर कड त्यात छान उठून दिसते.