तुमच्यानंतरच्या शिफ्टला विचारा

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं, की नोकरीतल्या निम्म्या तक्रारी कामाच्या नसतात, स्वभावाच्या असतात. त्यावर पत्रांचा ढीग आला. तीन निवडली आहेत. मी काही मानसशास्त्राचा पदवीधर नाही. 31 वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काढली, शेवटची 12 पर्सोनेलमध्ये, म्हणजे नोकरभरतीच्या खात्यात. त्या शिदोरीवर लिहितो.

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग मेकॅनिकल डिप्लोमा. सहा वर्षं उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सुपरवायझरची जागा निघाली, त्याआधी सगळ्यांकडून मोबाइलवर स्वभाव ओळखायची एक इंग्रजी प्रश्नावली भरून घेतली. माझी अक्षरं आली आय-एस-टी-जे. साहेब म्हणाले, ‘तू इंट्रोव्हर्ट. माणसं सांभाळणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही, तू गेज सांभाळ.’ मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नाही हे खरं आहे. शिवाय सुपरवायझर झालं की सेकंड शिफ्ट आलीच, आणि शेवटची बस चुकली की खानापुरातून पुढं गावाला गाडी नाही, कुणाच्या तरी दुचाकीची वाट बघत उभं राहायचं. स्वभाव बदलता येतो का?

उत्तर : तुमच्याच धंद्यातलं बोलू. बोअर, म्हणजे जॉबला (सुट्या भागाला) पाडलेलं गोल भोक, तपासायला प्लग गेज लावता. एक बाजू गो, दुसरी नो-गो. गेला किंवा नाही गेला, एवढंच तो सांगतो. किती मायक्रॉनचा फरक आहे ते कळायला बोअर गेज घ्यावा लागतो. तुमच्या साहेबांनी माणसाला प्लग गेज लावलाय.

कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं 1921 साली मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ही चार अक्षरांची चाचणी बेतली. चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर, एकूण 16 प्रकार. मधल्या रेषेच्या जरा अलीकडं असलात तर आय, म्हणजे इंट्रोव्हर्ट, आपल्यातच राहणारा; जरा पलीकडं असलात तर ई, म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट, चारचौघांत खुलणारा. म्हणून तर काही आठवड्यांनी पुन्हा भरली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर पालटतं. आणि हे साहेबांच्या कानावर घालायला हरकत नाही : ज्यांची ही चाचणी आहे तेच सांगतात, की माणूस निवडायला ही वापरू नका.

अभ्यासकांचा जास्त भरवसा आहे तो पाच गुणांच्या मापावर. नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. तिथं अक्षर मिळत नाही, रीडिंग मिळतं. पण तिथंही उत्तरं भरणारे आपणच, आणि प्रश्न बहुधा परक्या मुलखातले. अशा एका प्रश्नावलीत वाक्य आहे : ‘मी लाइफ ऑफ द पार्टी असतो.’ आपल्याकडं पार्टी म्हटलं की एक तर ढाबा, नाही तर निवडणूक. कशाला टिक करायची?

आता खरी गोम. तुमची मीटिंग कुठल्या भाषेत होते? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगतो, इंग्रजीत. बेळगावात मी एकाच माणसाचे तीन स्वभाव पाहिलेत. कॅंटीनमध्ये मराठीत नकला करून हसवणारा, मशीनवर कन्नडमध्ये ऑपरेटरशी हुज्जत घालणारा, आणि कॉन्फरन्स रूममध्ये इंग्रजी सुरू झालं की वहीत चौकोन काढत बसणारा. त्या चौकोनाला ‘इंट्रोव्हर्ट’ नाव देऊन मोकळं होणं सोपं आहे. तुम्ही एवढंच करा. कालचं रिजेक्शन किती, कुठल्या मशीनवर, कारण काय, याचा एक कागद रोज मीटिंगला न्या आणि पहिल्या पाच मिनिटांत वाचून दाखवा. वाचायला लाजायचं कारण नाही. आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात.

स्वभाव बदलतो का, हे विचारलंत. मुळातला फार हळू. कामाची पद्धत मात्र बदलते, कधी कधी एका रात्रीत. 1996 मधली गोष्ट. मी सुपरवायझर, बोलघेवडा, सगळं तोंडी, आणि त्याचीच मला घमेंड. फर्स्ट शिफ्ट सुटताना चहाचा पेला हातात धरून मी पुढच्या ऑपरेटरला म्हणालो, ‘इन्सर्ट झिजलाय, बदल. आणि ऑफसेट मागं घे.’ कॉम्प्रेसर चालू होता, दुसरं वाक्य त्यात गेलं. इन्सर्ट म्हणजे धातू कापणारा बदलता तुकडा, ऑफसेट म्हणजे त्याच्या झिजेपोटी मशीनला दिलेली मापाची भरपाई. इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान येतो, म्हणून आम्ही दिवसभर ऑफसेट वाढवत आणला होता. नवा इन्सर्ट त्याच ऑफसेटवर बसला आणि बोअर मोठा निघाला. लहान असता तर पुन्हा मारता आला असता. 22 जॉब भंगारात. दुसऱ्या दिवशी तो ऑपरेटर, हुक्केरीकडचा, शांतपणे म्हणाला, ‘साहेब, भाळ माताडतीरि, बरियंगिल्ल.’ बोलता लई, लिहीत नाही. त्या दिवशी मी लॉगबुक हातात घेतलं. बोलघेवडा मी आजही आहे, घरी विचारा.

मला जे दहा वर्षं दिसलं नव्हतं ते त्याला रोज दिसत होतं. 1955 साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी चार कप्प्यांची एक चौकट मांडली, आपल्यातलं काय आपल्याला ठाऊक आणि काय दुसऱ्याला, याची. दोघांच्या नावांवरून तिला जोहरी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, शहापूरच्या एखाद्या सराफाची युक्ती असेल. त्यातला एक कप्पा दुसऱ्याला दिसणारा, आपल्याला न दिसणारा. तो उघडायला प्रश्नावली नको. तुमच्यानंतर शिफ्टला येणारा इन्स्पेक्टर आणि ज्याचे जॉब तुम्ही वारंवार परत पाठवता तो ऑपरेटर, या दोघांना गाठा. ‘मी कसा आहे?’ असं विचारू नका, ते तोंडदेखलं बोलतील. विचारा, ‘माझ्यामुळं तुझं काम कुठं अडतं?’ मग गप्प बसा. ते तुम्हाला जमतंच.

ते ऐकून झालं की साहेबांकडं पंधरा दिवसांची कामचलाऊ सुपरवायझरी मागा. जमलं की नाही ते रिजेक्शनच्या आणि हँडओव्हरच्या नोंदींवरून ठरू दे.

जाता जाता एक. पत्रात बसबद्दल तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढं माणसं सांभाळण्याबद्दल लिहिलेलं नाही. तुम्हाला ही जागा हवी आहे ना? की अडचण सेकंड शिफ्टची आहे आणि अक्षरं निमित्ताला सापडली? तसं असलं तरी त्यात कमीपणा नाही, फक्त मग साहेबांशी बोलायचं ते बसबद्दल.

प्रश्न : मी निपाणी भागात एका सौहार्द सहकारी संस्थेत कॅशियर आहे. रुपयाचाही फरक निघाला तर मी काउंटर सोडत नाही. सगळे मला ‘किटकिटी’ म्हणतात. पिग्मी एजंट उशिरा येतात, पावत्या चुरगळलेल्या आणतात, मी बोलले की मॅनेजर त्यांचीच बाजू घेतात. माझा स्वभाव चुकीचा आहे का?

उत्तर : ताई, कॅशियर किटकिटी नसेल तर ठेवीदारांनी घाबरावं. वर जे पाच गुण सांगितले त्यातला काटेकोरपणा तुमच्याकडं भरभरून आहे. 1991 साली दोन अमेरिकन संशोधकांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर हाच गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडताना दिसला. तेव्हा तो सोडू नका.

पण एजंटाचं काम आठवून पाहा. पिग्मी 1928 साली रोजच्या दोन आण्यांवर सुरू झाली, ती चालली दारात जाणाऱ्या माणसाच्या जिभेवर. भाजीवाली म्हणते ‘उद्या’, पानवाला म्हणतो ‘बोहनी व्हायचीय’, आणि हा हसत तिसऱ्यांदा जातो. असा माणूस पावत्या इस्त्री करून आणत नाही. तुमच्यासारखा असता तर पानवाल्यानं दुसऱ्याच दिवशी खातं बंद केलं असतं.

मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या पत्रात दोनदा येतं, की क्लार्कनं तपासलेली व्हाउचर्स तुम्ही पुन्हा तपासता. (वरचा मजकूर मी छोटा केलाय.) तो काटेकोरपणा नव्हे, अविश्वास झाला, आणि तो समोरच्याला झोंबतो. आपलं चोख ठेवा, त्यांचं त्यांना ठेवू द्या. एजंटांसाठी काउंटरवर एक ट्रे ठेवा : आधी पावत्या, वर नोटांच्या तपशिलाची चिठ्ठी, तीही त्यांनीच भरलेली. साडेपाचनंतर आणलं तर उद्याच्या तारखेला जमा. मॅनेजरांची सही घेऊन हे भिंतीवर लावा. कागद बोलला की तुम्हाला बोलावं लागणार नाही. महिन्याभरानं कळवा.

प्रश्न : मुलाखतीत ‘तुमचा एखादा दोष सांगा’ म्हटलं तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ असं सांगितलं तर चालेल का? — एक वाचक, वडगाव

उत्तर : नको हो. टेबलाच्या पलीकडं बसून मी हे इतक्यांदा ऐकलंय की उमेदवारानं ‘प’ म्हटला की मी पुढच्या माणसाचा अर्ज काढायचो. एकच पोरगा लक्षात राहिला. म्हणाला, ‘सर, मला पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, नाही म्हणता येत नाही, म्हणून मी डिलिव्हरीची खोटी तारीख देऊन बसतो. आता आधी प्लॅनिंगला विचारतो.’ त्याला घेतला. तारखा तो नंतरही चुकवायचाच, पण आम्ही पहिल्या दिवसापासून त्याच्या तारखेत दोन दिवस मिळवून धरत होतो.