अर्धशिशीवर विजया तेल : वाचकांच्या शंका

प्रश्न : मला पंधरा वर्षांपासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्यातून चार-पाचदा डोकं धरायचं. आता वर्षभर महिन्याचे सोळा-सतरा दिवस दुखतं आणि बहुतेक दिवशी पॅरासिटामॉल-कॅफीनची गोळी घ्यावीच लागते. विजया तेलाने (भांग-गांजाच्या झाडापासून केलेल्या आयुर्वेदिक तेलाने) गुण येतो असं ऐकलं. सुरू करू का? — वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, आधी कॅलेंडर घ्या आणि गोळी घेतलेल्या दिवसांवर खुणा करा. कॅफीन मिसळलेली वेदनाशामक गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवस. तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं, आणि या अवस्थेत तेलाची भर घालू नये. जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१मध्ये मांडला. त्यात गांजा वापरणाऱ्यांमध्ये अशी औषधाने ओढवलेली डोकेदुखी कितीतरी जास्त आढळली. आधी काय नि नंतर काय, हे त्यातून ठरत नाही, पण सावध व्हायला तेवढं पुरे.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळी बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस ठणका वाढतो, मळमळतं, झोप उडते. नेमकं इथेच बरेच जण पुन्हा गोळीकडे वळतात, म्हणून हे दिवस कामाच्या गर्दीत धरू नका. त्याच सुमारास प्रतिबंधक औषध सुरू करतात : प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नाही), अमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट. पूर्ण मात्रेवर आल्यावर त्याला किमान दोन महिने द्यायला हवेत. दोन आठवड्यांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडलेलं औषध वाया गेलं असं समजा. झटक्यासाठी सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ, तेही दुखणं हलकं असतानाच, आणि महिन्यातून जास्तीत जास्त नऊ दिवस. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते घ्यायचं नाही.

एवढं करूनही झटके आवरले नाहीत, तर विजयाचा विचार करता येईल. तिच्यामागे काहीच पुरावा नाही असं नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठाने ९२ रुग्णांवर केलेली चाचणी २०२४मध्ये मांडली गेली. टीएचसी (नशा आणणारा घटक) ६ टक्के आणि सीबीडी (नशा न आणणारा) ११ टक्के, अशा मिश्रणाची वाफ ओढल्यावर दोन तासांत सुमारे ६७ टक्के झटक्यांत आराम पडला. खोट्या (औषध नसलेल्या) वाफेनेही ४७ टक्क्यांत! म्हणजे एखाद्या मैत्रिणीला बरं वाटलं एवढ्यावर विसंबता येत नाही. शिवाय ती वाफ होती, काही मिनिटांत रक्तात उतरणारी. झटक्यात जठर मंदावतं, त्यामुळे गिळलेलं तेल तासन् तास तिथेच रेंगाळू शकतं. तेव्हा त्या चाचणीचे आकडे तेलाच्या थेंबांना लावू नका.

प्रश्न : वैद्यांनी ‘रात्री ५ थेंब’ सांगितलेत. बाटली ३० मिलीची, वर ‘३००० मिग्रॅ’ छापलंय. फरक पडेना म्हणून मी अर्ध्या तासाने आणखी पाच थेंब घेतले. मध्यरात्री छाती धडधडली, घाबरंघुबरं झालं. तेल खराब असेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : चुकलं ते घड्याळ. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. यकृतात त्यापासून आणखी जोरदार रूप तयार होतं. तुमची पहिली मात्रा चढायच्या आतच दुसरी गेली. धडधड टीएचसीनेच होते, आणि अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर वाढते.

आता बाटली. ‘३००० मिग्रॅ’ हे बहुधा सगळ्या अर्काचं वजन असतं, त्यात टीएचसी किती हे त्यावरून कळत नाही. त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. समजा, ३० मिलीत टीएचसी ३०० मिग्रॅ आहे. मग १ मिलीत १० मिग्रॅ, आणि पाव मिलीत अडीच. नवख्याने वैद्यांच्या सल्ल्याने १ ते २.५ मिग्रॅवर सुरुवात करावी, किमान तीन रात्री तीच मात्रा ठेवावी, मगच वाढवण्याचं बोलावं. थेंब मोजू नका. ड्रॉपरचं तोंड बदललं की थेंबाचा आकार बदलतो. बिनसुईची १ मिलीची सिरिंज वापरा.

लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा नसेल तर बाटली परत करा. तेल घेतल्यावर सकाळपर्यंत गाडी चालवू नका. वॉरफरीन, क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, सीबीडीमुळे त्यांच्यात गडबड होते. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, हृदयरोगी आणि घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मनोविकार) असलेले यांनी टीएचसी टाळावं.

प्रश्न : कॅनडातल्या डॉक्टरांनी मला टीएचसीच्या गोळ्या दिल्यात. गणपतीला मुंबईला येताना आणू का? — वाचक, टोरांटो

उत्तर : आणू नका. तिथली चिठ्ठी इथे चालत नाही, १९८५चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा लागू होतो. दुबईमार्गे येणार असाल तर तिथल्या कायद्याचाही धोका. त्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा नि चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याशिवायची पानं त्यात धरलेली नाहीत, म्हणूनच परवानाधारक आयुर्वेदिक विजया औषधं मिळतात. पण महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, तेव्हा ‘पानंच तर आहेत’ म्हणून पुडी बाळगू नका. प्रवासासाठी ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातली गोळी) चिठ्ठीसह आणा.

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा. अर्धशिशीसाठी म्हणून रोज गांजा ओढतो. हल्ली सकाळी उलट्यांवर उलट्या, आणि तासतासभर कढत पाण्याच्या शॉवरखाली उभा असतो, त्यानेच बरं वाटतं म्हणतो. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : कढत पाण्याची ही खूण महत्त्वाची आहे. दीर्घकाळ रोज गांजा घेणाऱ्यांना होणारा हा उलट्यांचा विकार असू शकतो. अर्धशिशीतही उलट्या होतात, म्हणून दोन्हींची गल्लत होते आणि मुलं उलटी थांबावी म्हणून आणखी ओढतात. नेहमीच्या उलटीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, गांजा पूर्ण बंद करणं हाच उपाय. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, पाणी पोटात ठरेना, तर त्याच दिवशी सलाइनसाठी रुग्णालयात न्या, मूत्रपिंडावर ताण येतो. सोडायला मदत हवी असेल तर १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

आणि कधी एका मिनिटात शिखर गाठणारी, वीज पडावी तशी डोकेदुखी उठली, तर घरी ट्रिप्टान देऊ नका. गांजाने मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसू शकतात आणि ट्रिप्टान त्या आणखी आवळतं. थेट कॅज्युअल्टीत न्या आणि गांजाचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.