नदीवर एकाच दिवसात बोटिंग, पायी भटकंती आणि कयाकिंग करायचंय, तेही पहिल्यांदाच. क्रम काय ठेवू?

कयाकिंग सकाळीच उरका. दुपारी वारा सुटला की नवख्याची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) सरळ जातच नाही. मग चालणं, आणि बोट शेवटी. तिथे नुसतं बसायचं असतं.

कयाकचं वल्हं बोटं पांढरी पडेस्तोवर आवळू नका. पकड ठरवायला ते आधी डोक्यावर आडवं धरून बघा. कोपर काटकोनात आले की दोन हातांतलं अंतर बरोबर. ओढायचं ते दंडाने नाही, कमरेतून वळून. आधी प्रवाहाच्या उलट जा, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच आणून सोडतं.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले की कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. पट्टीचे पोहणारे असलात तरी घालाच. कयाक उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत सुटू नका. ती तरंगते, तिलाच धरून राहा.

आणि जीन्स नको. पहिल्या वेळी मी घालून गेलो होतो (हौस!), पुढची सगळी चाल पायांना ओल्या गोण्या बांधल्यासारखी झाली. सुके कपडे, मोजे वेगळ्या पिशवीत ठेवा.