वाचकांचे प्रश्न : मंगळाआडची चोवीस मिनिटे

प्रश्न : मंगळयानाच्या बातम्यांत रितू करिधल यांचा उल्लेख ‘रॉकेट वुमन’ असा येतो. त्यांचे काम नेमके कोणते होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काम रॉकेटचे नव्हे, यानाचे. त्या परिचालन उपसंचालक होत्या. नंदिनी हरिनाथही त्याच पदावर. करिधल यांच्याकडे होती यानाची स्वायत्तता, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून स्वतःच वाट काढण्याची आज्ञावली.

तिची गरज यान मंगळाच्या कक्षेत शिरले त्या दिवसाच्या, २४ सप्टेंबर २०१४ च्या, वेळापत्रकातच दिसते. सकाळी ७.१७ ला मुख्य इंजिन पेटायचे आणि सुमारे २४ मिनिटे चालायचे. ७.२१ ला यान मंगळाआड. संदेशाला एका बाजूचा प्रवास साधारण साडेबारा मिनिटांचा, त्यामुळे इंजिन पेटल्याची खूण बंगळुरूला मिळाली साडेसातला, यान दिसेनासे झाल्यावर! काही बिनसले असते तरी इथून बटण दाबण्यात अर्थ नव्हता. म्हणून सगळ्या आज्ञा आठवडाभर आधीच चढवून ठेवल्या होत्या. ४४० न्यूटनचे (न्यूटन म्हणजे इंजिनाच्या जोराचे माप) मुख्य इंजिन रुसले, तर २२ न्यूटनची आठ छोटी इंजिने कामाला लागणार होती. आठांची बेरीज जेमतेम १७६ न्यूटन, तेव्हा हा पर्याय नाइलाजाचाच. त्यात मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद पडून होते. दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून पाहिले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

प्रश्न : पृथ्वीभोवती असतानाच यान अडखळले होते ना?

उत्तर : हो, ११ नोव्हेंबर २०१३ ला, कक्षा वाढवण्याच्या चौथ्या खेपेला. इंधनाची झडप उघडणाऱ्या विद्युत-वेटोळ्यांचे दोन संच असतात, एक मुख्य आणि एक राखीव. एकेकट्याने दोन्ही ठीक चालत. त्या दिवशी ठरवून दोन्हींना एकदम वीज दिली आणि इंजिनाकडचा इंधनाचा प्रवाहच थांबला. छोट्या इंजिनांनी आपणहून सूत्रे घेतली, पण सेकंदाला १३० मीटर वेगवाढ हवी असताना मिळाली ३५. दुसऱ्याच दिवशी जादा खेप घेऊन कमतरता भरून काढली. राखीव सोयही चालवून पाहायची असते ती यासाठीच, आणि तीही पृथ्वीजवळ, हाताशी असताना.

प्रश्न : यान मंगळाला पोहोचल्यावर साड्या नेसून जल्लोष करणाऱ्या, त्या गाजलेल्या छायाचित्रातल्या साऱ्या शास्त्रज्ञ होत्या का?

उत्तर : नाही. त्या प्रशासकीय कर्मचारी असल्याचे इस्रोने नंतर सांगितले. अभियंत्या नव्हत्याच असा मात्र त्याचा अर्थ काढू नये. यानावरच्या मिथेन संवेदकाच्या प्रकल्प व्यवस्थापक मौमिता दत्ता होत्या, आणि तो संवेदक घडला अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात, छायाचित्र निघाले त्या बंगळुरूपासून बराच दूर.